व्हिक्तोर झाकमाँची पत्रं: मोहिमेवर गेलेले फ्रेंच निसर्गअभ्यासक घरी काय लिहायचे आणि काय लपवायचे?

अबोली_

नमस्कार मंडळी,

गेले दोन महिने रोज रात्री थोडी थोडी करून व्हिक्तोर झाकमाँची पत्रं वाचते आहे. मला फ्रेंच येत नाही, म्हणून इंग्रजी भाषांतरातून. नाव ओळखीचं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते.

झाकमाँ पॅरिसचा, जन्म १८०१. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने त्याला वनस्पती, खडक, प्राणी गोळा करायला हिंदुस्थानात पाठवलं. ऑगस्ट १८२८ मध्ये ब्रेस्त बंदरातून निघाला. रिओ, केप, बूर्बों बेट (आजचं रेयुनियाँ), पाँडिचेरी करत मे १८२९ मध्ये कलकत्त्याला उतरला. तिथे सहा महिने राहून हिंदुस्थानी शिकला आणि मग बनारस, दिल्ली, सिमला, किन्नौर, स्पिती, लाहोर, काश्मीर असा फिरला. १८३२ च्या सुरुवातीला दिल्ली सोडून राजपुतान्यातून दक्षिणेकडे निघाला. वेरूळ पाहिलं, पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यात आला, तिथून ठाणे आणि मुंबई. ७ डिसेंबर १८३२ ला मुंबईतच वारला. वय एकतीस.

सगळ्या प्रवासात तो वडलांना, भाऊ पोर्फीरला आणि मित्रांना पत्रं लिहीत राहिला. मित्रांत स्तांदाल आणि मेरिमे हे पुढे मोठे झालेले लेखक होते. पत्रं अतिशय जिवंत आहेत. वर्षाला सहा हजार फ्रँक मिळतात, त्यात कलकत्त्याच्या साहेबांसमोर कसा टिकू, ही विवंचना आहे. गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या घरची जेवणं आहेत. घोडा, बैलगाडी, तंबू, थंडीत गोठलेली शाई, सगळं आहे.

पण मला अडकवलंय ते दुसऱ्याच गोष्टीने. पत्रामागून पत्रात तो घरच्यांना सांगतो की माझी तब्येत उत्तम आहे. इंग्रज लोक मांस आणि ब्रँडीने मरतात, मी साधं खातो, दूध पितो, मला काही होणार नाही. आणि मरायच्या सहा दिवस आधी, १ डिसेंबरला पोर्फीरला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात कबूल करतो की अजमेर सोडल्यापासून, म्हणजे मार्चपासून, हे दुखणं अधूनमधून जाणवत होतं.

तर प्रश्न असा. अशा मोहिमांवरच्या अभ्यासकांनी घरी लिहिलेलं जास्त खरं मानायचं, की संस्थेला पाठवलेले अहवाल? मला आधी वाटायचं की पत्रं. आता खात्री उरली नाही. तुम्ही अशी पत्रं वाचली असतील, बोगनवेल गोळा करणाऱ्या कॉमेर्सोंची, समुद्रात हरवलेल्या ला पेरूजच्या मोहिमेतली, कोणाचीही, तर लिहा.

मोगरा७७

वाचनखूण साठवली आहे. निवांत वाचते.

टपालवाला

विषय माझ्या जिव्हाळ्याचा. आयुष्य टपाल खात्यात गेलं, त्यामुळे मजकुराच्या आधी मला पत्र गेलं कसं हे दिसतं.

१८३० च्या सुमारास कलकत्त्याहून फ्रान्सला पत्र म्हणजे केपला वळसा घालून जाणारं शिडाचं जहाज. चार महिने लागले तर नशीब, सहा लागले तरी कोणी तक्रार करत नसे. उत्तर यायला तेवढेच. म्हणजे झाकमाँने काश्मीरमधून वडलांना काही विचारलं, तर उत्तर हाती पडेपर्यंत तो वेगळ्याच प्रांतात. संवाद म्हणून या पत्रांकडे पाहूच नये. दोन माणसं वर्षभराच्या अंतराने एकमेकांशी बोलताहेत. पॅरिसमध्ये जुलै १८३० मध्ये राज्यक्रांती झाली, राजा पळाला, आणि हा गडी त्यानंतर कित्येक महिने जुन्याच राजाच्या राज्यात राहत होता.

म्हणून त्या काळी लांबच्या पत्रांना क्रमांक घालायची पद्धत होती. सातवं आलं, नववं आलं, आठवं नाही, म्हणजे एखादं जहाज गेलं. महत्त्वाचा मजकूर दोनदा लिहून दोन वेगळ्या जहाजांनी पाठवत.

मुंबईकरांना आवडेल अशी एक गोष्ट. याच काळात मुंबईहून नवी वाट उघडत होती. 'ह्यू लिंडसे' ही वाफेची बोट मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून निघाली आणि २२ एप्रिलला सुएझला पोचली. तेहतीस दिवस. कोळसा इतका भरावा लागला होता की माणसांना जागा उरली नव्हती. पण फेऱ्या वर्षातून एखादी, त्यामुळे सामान्य पत्र केपमार्गेच.

साष्टीकर

झाकमाँने शेवटच्या पत्रात दुखण्याचं खापर आमच्या साष्टी बेटावर फोडलंय! साष्टीची रोगट जंगलं, भर उन्हात तिथे केलेली भटकंती, त्यातून हे दुखणं बळावलं असं तो लिहितो. साष्टी म्हणजे आज वांद्र्यापासून ठाण्या-घोडबंदरपर्यंतचा सगळा पट्टा. सध्या त्या रोगट जंगलात जागा घेणं सामान्य माणसाला परवडत नाही.

पण गंमत बाजूला ठेवून सांगतो. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये येऊरला जाऊन बघा. ऊन भाजून काढतं, गवत माथ्यापर्यंत, चिखल अजून ओला, डासांचे थवे. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून सांगतात की पाऊस उघडल्यावर महिनाभर रानात हिंडू नये. हा नेमका तेव्हाच हिंडला. वनस्पती गोळा करायच्या तर फुलं तेव्हाच असतात, हेही खरं.

डॉ_निशिगंध

साष्टीकर, तुमच्या जंगलाची निर्दोष मुक्तता करते.

झाकमाँ गेला तो यकृताच्या गळवाने, आणि वाटेत त्याला हगवणीचा त्रास झालेला होता. आधी हगवण, मग काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उजव्या कुशीत दुखणं, ताप, यकृतात गळू. आजच्या कुठल्याही डॉक्टरला हे ऐकलं की पहिल्यांदा अमीबा आठवेल. तो पोटात जातो दूषित पाण्यातून, हवेतून नाही. पण हगवणीच्या या अमीबाचा शोधच १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लॉश याने लावला. १८३२ मध्ये शहाण्यातला शहाणा वैद्यही रानातल्या दूषित हवेलाच दोष देणार. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. मॅक्लेनन मुंबईतले नावाजलेले डॉक्टर होते. त्यांच्या हातात जळवा, पारा आणि धीर यापलीकडे फारसं काही नव्हतं.

आणि अबोली, मार्चपासून त्रास होता पण घरी सांगितलं नाही, याला मी लपवणं म्हणणार नाही. यकृताचं गळू सुरुवातीला फार हळू बोलतं. थोडी कणकण, खांद्यात दुखणं. रुग्ण स्वतःलाच सांगतो की थकवा आहे. असे रुग्ण मी खूप पाहिलेत. त्याने घरच्यांना फसवण्याआधी स्वतःला फसवलं असणार.

अबोली_

डॉक्टर, अगदी तेच! त्या पत्रात तो साधारण असंच म्हणतो, की जाणवत होतं पण त्याबद्दल मी भ्रमात राहिलो. हे मी आधी लिहायला हवं होतं.

पालवी

झाडांकडे येऊ या का?

झाकमाँचं नाव आज ज्या झाडाशी सर्वात जास्त जोडलेलं आहे ते हिमालयातलं भूर्ज. त्याचा पश्चिम हिमालयातला, पांढऱ्याशुभ्र सालीचा प्रकार त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि युरोपातल्या बागांत हौसेने लावतात. आपल्याकडे भूर्जपत्र म्हणजे काय हे सांगायला नको. शेकडो वर्षं काश्मिरात पोथ्या त्यावर लिहिल्या गेल्या. पत्रांसाठी लक्षात राहिलेल्या माणसाचं नाव लिहिण्याच्या सालीच्या झाडाला मिळावं, हे मला फार आवडतं.

शिवाय याकमोंशिया (नावाचा उच्चार लॅटिन वळणाने करतात) नावाची गारवेलीच्या कुळातली एक अख्खी प्रजाती त्याच्या नावे आहे. निळ्या-पांढऱ्या नाजूक फुलांचे वेल.

दुसरं, कॉमेर्सों. प्रत्येक सोसायटीच्या कुंपणावर असलेली बोगनवेल त्याने १७६७ मध्ये रिओला गोळा केली आणि आपल्या कप्तानाचं, बूगँव्हिलचं, नाव तिला मिळालं. फिलिबेर कॉमेर्सों वैद्य आणि वनस्पतीशास्त्रज्ञ. बायको १७६२ मध्ये मुलाला जन्म देऊन गेली. तान्हं पोर मेहुण्याकडे ठेवून हा चार वर्षांनी जगप्रदक्षिणेला निघाला. मेहुणा गावचा पाद्री. त्याला लिहिलेल्या पत्रांत वनस्पतींच्या जोडीने त्या मुलाची चौकशी असते. तो मुलाला पुन्हा कधीच भेटला नाही. १७७३ मध्ये मॉरिशसला वारला. आणि त्यानंतर आठ दिवसांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य म्हणून निवडलं. बातमी पोचलीच नव्हती ना!

काय लपवायचे या प्रश्नाला तर कॉमेर्सोंएवढं मोठं उत्तर नाही. जहाजावर त्याचा नोकर म्हणून जो 'पोरगा' होता तो पोरगा नव्हता. ती झान बारे, त्याची घरची कारभारीण. फ्रेंच आरमारी जहाजावर बाईला बंदी होती म्हणून पुरुषी वेशात चढली. झाडं दाबायच्या फळ्या, अन्न, बंदुका पाठीवर घेऊन डोंगर चढायची. ताहितीत बिंग फुटलं. पुढे ती फ्रान्सला परतली आणि जगप्रदक्षिणा पूर्ण केलेली पहिली स्त्री ठरली. निघण्याआधी केलेल्या मृत्युपत्रात मात्र कॉमेर्सोंने तिचं नाव घालून तिच्यासाठी पैसे आणि घरातलं सामान ठेवलं होतं. अबोली, तुझ्या पत्र की अहवाल या यादीत मृत्युपत्रही घाल. माणूस तिथे सर्वात खरं बोलतो.

मोगरा७७

झान बारेवर वेगळा धागा पाहिजे. पालवीताई, मनावर घ्या.

खडा_सवाल

सगळे इतके भारावलेत की विरोधी सूर लावणं भाग आहे.

एक. ही माणसं हौशी फिरस्ते नव्हती. राज्याच्या पैशाने, राज्याच्या फायद्यासाठी निघाली होती. कॉमेर्सों मॉरिशसला ज्याच्या आश्रयाने राहिला तो पियेर प्वाव्र, त्याने डचांच्या ताब्यातल्या मोलुक्का बेटांतून लवंग आणि जायफळाची रोपं पळवून आणवली. डचांनी ती बेटांवरच्या लोकांकडून हिसकलेली, फ्रेंचांनी डचांकडून. मूळ मालक दोन्हीकडे गायब. निसर्गअभ्यास आणि मसाल्याचा व्यापार एकाच गलबतात बसून यायचे.

दोन. झाकमाँ रणजितसिंहाला १८३१ मध्ये लाहोरला भेटला. त्याच्याबद्दल लिहितो की हा मी पाहिलेला जवळजवळ पहिलाच जिज्ञासू हिंदी माणूस, आणि एकटा सगळ्या देशाची उदासीनता भरून काढतो. अख्ख्या देशात चौकस माणूस एक? त्याच्या आधी वाट दाखवणारे, झाडाचं स्थानिक नाव सांगणारे, कुठल्या पाल्याने ताप उतरतो ते सांगणारे सगळे उदासीन होते का? संग्रहावर नाव झाकमाँचं. वाहणाऱ्यांची नावं कुठे आहेत?

तीन. ही पत्रं 'खासगी' होती हे मला मान्य नाही. त्या काळच्या पॅरिसमध्ये लांबून आलेलं पत्र बैठकीत वाचून दाखवायचे. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असायचं. मित्र साहित्यिक. तो श्रोत्यांसाठी लिहीत होता. मग तब्येतीची बढाई, इंग्रजांची नक्कल, राजेमहाराजांचे किस्से, सगळ्याचा अर्थ लागतो.

लाहोरी_नान

रणजितसिंहाचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. त्याच्याशी संभाषण म्हणजे दुःस्वप्न, असंही झाकमाँनेच लिहून ठेवलंय! महाराज प्रश्नांची सरबत्ती करायचे. हिंदुस्थान, इंग्रज, युरोप, बोनापार्ट, हे जग, ते जग, स्वर्ग, नरक, आत्मा, देव, सैतान. आणि मध्येच पचनाच्या तक्रारी. वनस्पती गोळा करणारा म्हणजे औषधं जाणणारा, असा महाराजांचा हिशेब, आणि तो काही चुकीचा नव्हता.

तिथे सेनापती अलार होता, नेपोलियनच्या फौजेतला जुना सैनिक, रणजितसिंहाच्या चाकरीत. परक्या देशात मायबोली बोलणारा माणूस भेटल्यावर काय वाटतं ते आखातात राहिलेल्या माझ्यासारख्याला विचारा. अलारबद्दल झाकमाँने जे लिहिलंय त्यात मला तो आनंद दिसतो. काश्मीरला जायचा परवाना मिळाला तो या ओळखींमुळेच.

दर्यावर्दी

ला पेरूजवर लिहायचं राहिलं तर धागा अपुरा राहील.

१७८५ मध्ये ब्रेस्तहून दोन जहाजं निघाली, 'बूसोल' आणि 'आस्त्रोलाब'. बरोबर अभ्यासकांचा ताफा: लामानों, ला मार्तिनिएर, माँजे, द्यूफ्रेन, कोलिन्यों नावाचा माळी. द्यूफ्रेन बोटीच्या जिण्याला कंटाळून मकावला उतरून परत गेला. १७८७ च्या सप्टेंबरात जहाजं कामचात्कात पेत्रोपाव्हलोव्स्कला होती. तिथे ला पेरूजने तोपर्यंतच्या टिपणवह्या, नकाशे आणि पत्रं एका एकवीस वर्षांच्या पोराच्या, बार्तेलेमी द लेसेप्सच्या, हवाली केली आणि सांगितलं, हे खुष्कीच्या मार्गाने व्हर्सायला पोचव.

पोरगा निघाला. कुत्र्यांच्या गाड्या, रेनडिअर, घोडे, होड्या. अख्खा सायबेरिया ओलांडून १७ ऑक्टोबर १७८८ ला व्हर्सायला हजर. वर्षाहून अधिक काळ ती थैली छातीशी धरून. टपालवाला काका, याच्यापेक्षा मोठा हरकारा दाखवा!

तोवर डिसेंबर १७८७ मध्ये सामोआच्या तुतुइला बेटावर झटापटीत लामानों मारला गेला होता. लेसेप्सकडे होती ती पत्रं जिवंत माणसांची म्हणून निघाली आणि पोचली तेव्हा लिहिणाऱ्यांतले काही नव्हते. जानेवारी १७८८ मध्ये जहाजं ऑस्ट्रेलियातल्या बॉटनी बेला लागली. तिथे नुकत्याच आलेल्या इंग्रज ताफ्याबरोबर शेवटची पत्रं दिली. त्यानंतर काहीच नाही. जहाजं प्रशांत महासागरातल्या व्हानिकोरो बेटापाशी फुटली, आणि अवशेष सापडायला १८२७ साल उजाडलं.

या मोहिमेचं जे काही आपल्याला माहीत आहे ते सगळं टपालाने वाचवलं. गोळा केलेलं समुद्रात गेलं, लिहून पाठवलेलं उरलं.

टपालवाला

दर्यावर्दी, दंडवत! लेसेप्सला आमच्या खात्याचं मानद सदस्यत्व द्यायला हवं.

साष्टीकर

पत्र न पोचल्याने काय होतं त्याचा नमुना म्हणजे ल जाँतिल. तो खगोलवाला, पण जातकुळी तीच. १७६० मध्ये शुक्राचं अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो ते) बघायला पाँडिचेरीला निघाला. वाटेत कळलं की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली, १७६१ चं अधिक्रमण हलत्या जहाजावरून बघावं लागलं, मोजमाप शून्य. हा परत गेलाच नाही, आठ वर्षं पूर्वेतच थांबला. १७६९ ला पाँडिचेरीत सगळी तयारी, आणि नेमक्या वेळी ढग! १७७१ मध्ये घरी पोचला तर वारसांनी मेलेला धरून मिळकतीला हात घातलेला आणि अकादमीतली जागाही दुसऱ्याला दिलेली. म्हणून म्हणतो, बाहेरगावी गेल्यावर पोचल्याचं कळवत जा.

लियाँकर

मी फ्रान्समध्ये राहतो, झाकमाँ मूळ फ्रेंचमधून वाचला आहे. दोन-तीन गोष्टी.

खडा_सवाल यांचा तिसरा मुद्दा बराचसा बरोबर आहे. पत्रं छापून आली ती मृत्यूनंतर लगेच, १८३३ मध्ये, दोन खंडांत. लंडनमध्ये भाषांतर १८३४ ला. युरोपभर गाजली. आणि ज्या कामासाठी तो गेला होता तो शास्त्रीय ग्रंथ, दैनंदिनी, वनस्पती, प्राणी, नकाशे-चित्रांसह, १८३५ ते १८४४ इतक्या वर्षांत हप्त्याहप्त्याने निघाला. तो अभ्यासकांच्या कपाटात गेला. पत्रं घराघरांत गेली.

मग १८६७ मध्ये आधी न छापलेल्या पत्रांचा वेगळा संग्रह आला, मेरिमेच्या प्रस्तावनेसह. म्हणजे १८३३ ला जे लोकांनी वाचलं ते सगळं नव्हतं. अबोली, तुम्ही विचारताय की झाकमाँने घरच्यांपासून काय लपवलं. तसंच घरच्यांनी वाचकांपासून काय बाजूला ठेवलं, हाही प्रश्न आहे.

पण खडा_सवाल, एका बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. श्रोते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं म्हणून खोटं ठरत नाही. माझी आई दर रविवारी फोन स्पीकरवर टाकते आणि शेजारच्या काकू ऐकतात, मला माहीत असतं. म्हणून मी आईशी जे बोलतो ते खोटं होत नाही.

खडा_सवाल

खोटं नाही होत. पण काकू ऐकताहेत म्हटल्यावर काही गोष्टी तुम्ही बोलत नाही. मी तेवढंच म्हणतोय.

लियाँकर

हे मान्य.

अबोली_

खडा_सवाल, वाहणाऱ्यांच्या नावांबद्दल तुमचं म्हणणं मनापासून पटलं. एवढंच जोडते की शास्त्रीय ग्रंथात झाड येतं, उंची येते, खडक येतो. नोकर, गाडीवान, त्यांचं थंडीने कुडकुडणं, त्यांच्याशी झालेली कटकट, हे आलंच तर पत्रात येतं. चिडून, वरच्या सुरात, पण येतं. त्या माणसांचा माग काढायचा असेल तर सुरुवात पत्रांपासूनच करावी लागेल.

पालवी

अवांतर: फ्रेंच संग्राहकांची नावं आपल्या जंगलात किती आहेत ते मोजायला घेतलं. सह्याद्रीतला राखी रानकोंबडा सोनेराच्या नावे. बारशिंगा द्यूव्होसेलच्या नावे. हा आल्फ्रेद द्यूव्होसेल म्हणजे प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिएचा सावत्र मुलगा. द्यार नावाच्या सोबत्याबरोबर चंदननगरला राहून पॅरिसला नमुने धाडायचा. रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याने दोघांना सुमात्राला बोलावलं, काम करून घेतलं आणि मग संग्रह ठेवून घेऊन त्यांना वाटेला लावलं. १८२४ मध्ये मद्रासला गेला, तिशीच्या आसपास. ही सगळी पोरं होती हो. तिशी-पस्तिशीत संपलेली.

किनारा

पहिल्यांदाच लिहिते आहे. बरीच वर्षं नुसती वाचक आहे.

माझे वडील मालवाहू बोटीवर होते. आम्ही रत्नागिरीकडे. ऐंशीच्या दशकात त्यांची पत्रं यायची ती कुठल्या कुठल्या बंदरांतून, महिना-दीड महिन्याने, निळ्या पातळ कागदावर. सुरुवात ठरलेली, ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे.’ आई मोठ्याने वाचायची, आजी ऐकायची, गडीमाणसं दाराशी. तिथे सगळेच श्रोते होते.

वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत एक वही मिळाली. रोजची दोन ओळींची नोंद. एका वर्षी इंजिनरूममध्ये वाफेने हात भाजला होता. कोपरापर्यंत. तीन आठवडे पट्टी. त्याच तीन आठवड्यांतलं पत्र आमच्याकडे आहे. त्यात क्षेम आहे, बंदरातल्या बाजाराचं वर्णन आहे, मला फ्रॉक घेतल्याचं आहे. हाताबद्दल अवाक्षर नाही. पण आता ते पत्र पुन्हा काढून पाहिलं तेव्हा दिसलं की अक्षर वेगळं आहे. त्यांनी कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, आणि सहीपुरता स्वतःचा हात लावला होता. आईला ते तेव्हाच कळलं होतं का, हे विचारायला आता आई नाही.

वहीतलं खरं होतं. पण पत्रातलंही मला खोटं म्हणवत नाही. अबोलीताई, तुमच्या प्रश्नावर मला एवढंच सुचलं.

मोगरा७७

🙏

डॉ_निशिगंध

किनारा, लिहीत राहा.

खडा_सवाल

किनारा, तुमच्या प्रतिसादानंतर माझा तिसरा मुद्दा मागे घेतो. पहिले दोन ठेवतो.

लाहोरी_नान

अबोली, ते शेवटचं पत्र जरा सविस्तर सांगाल का? धाग्यात सगळे त्याच्याभोवती फिरताहेत.

अबोली_

सांगते, माझ्या शब्दांत.

मुंबई, १ डिसेंबर १८३२. आजारी अधिकाऱ्यांसाठीच्या इमारतीतून लिहिलेलं. पोर्फीरला सांगतो की ठाण्याहून इथे आलो त्याला महिना झाला आणि तो जवळजवळ सगळा अंथरुणात गेला. आल्याबरोबर मृत्युपत्र केलं, कागदपत्रांची व्यवस्था लावली. जेम्स निकोल नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, जुन्या मित्रासारखी माया केली. पण ते घर कोटात (फोर्टमध्ये), दाटीत. म्हणून हलवण्यासारखा होतो तोवर इथे समुद्राकाठी, मोकळ्या हवेत आलो. डॉक्टर शंभर पावलांवर राहतात.

मग तो मूळ गोष्टीवर येतो. परदेशात कोणी मरतं तेव्हा घरच्यांना सर्वात छळणारी कल्पना ही असते की तो शेवटी एकटा, टाकून दिल्यासारखा होता. तर तसं नव्हतं, माझ्याभोवती सतत माया करणारी माणसं होती, हे लक्षात ठेव, असं तो भावाला सांगतो. वडलांना, बाकीच्यांना निरोप देतो. उताणा पडून पेन्सिलने लिहितोय, अक्षरं पुसली जातील, म्हणून निकोल हेच शाईने उतरवून काढतील.

थडग्यावर काय लिहायचं तेही त्याने सांगून ठेवलं होतं. नाव, जन्म पॅरिस, मृत्यू मुंबई, साडेतीन वर्षं हिंदुस्थानात प्रवास केल्यानंतर. बस एवढंच.

साष्टीकर

पुरलं सोनापूरला. मरीन लाइन्सजवळ तेव्हा युरोपीय लोकांचं दफनस्थान होतं. आपल्याकडे माणूस 'सोनापूरला गेला' म्हटलं की वेगळं सांगावं लागत नाही. १८८१ मध्ये त्याचे अवशेष काढून फ्रान्सला नेले. आता तो पॅरिसला त्याच संग्रहालयात आहे जिथून निघाला होता.

टपालवाला

दोन दिवस एक हिशेब डोक्यात घोळतोय.

झाकमाँ ७ डिसेंबरला गेला. बातमी पॅरिसला पोचायला त्यापुढे काही महिने. तोपर्यंत म्हातारे वडील, पोर्फीर, मित्र, सगळे त्याला लिहीतच राहिले असणार. नेहमीसारखं. बाळा, तब्येतीला जप, अमक्याचं लग्न झालं, तमक्याने विचारलंय. आणि बातमी कळल्यावरही वाटेत असलेली जहाजं थांबवता येत नाहीत. म्हणजे १८३३ च्या पावसाळ्यापर्यंत त्याच्या नावाची पत्रं मुंबई-कलकत्त्याला उतरत राहिली असतील.

आमच्याकडे अशा पत्रावर पोस्टमन लाल शाईने लिहायचा, ‘मालक मयत, सबब परत.’ मी स्वतः लिहिलंय, पुष्कळदा. लिहिताना पत्र उलटं धरायचो, मागचं नाव दिसू नये म्हणून.

ती पत्रं निकोलकडे गेली असतील का? त्याने ती न उघडता पुढच्या जहाजाने पोर्फीरकडे परत पाठवली असतील का? लियाँकर, तिकडे कुठे याचा माग लागतो का, बघाल?

लियाँकर

बघतो, काका. पुढच्या महिन्यात पॅरिसला जाणार आहे.